औषध नदीत पोचण्याआधी

गुडघा दुखतो म्हणून माणूस ट्यूबमधले मलम चोळतो. ट्यूबवर बारीक अक्षरांत डायक्लोफेनॅक असे लिहिलेले असते. चोळलेल्या औषधापैकी फार थोडे, शेकडा सहाच्या आसपास, कातडीतून आत शिरते. उरलेले हाताला, कपड्यांना, पांघरुणाला लागते आणि आंघोळीच्या किंवा धुण्याच्या पाण्याबरोबर मोरीत जाते. गोळी घेतली तरी तिचा काही अंश जसाच्या तसा, काही रूप बदलून, लघवीवाटे बाहेर पडतो. मोरी असो की संडास, पुढची वाट एकच: गटार, मग मैलापाण्याचे प्रक्रिया केंद्र, मग नदी. यातले मधले ठाणे या औषधाला फारसे अडवत नाही.

डायक्लोफेनॅकचे नाव आपल्याकडे गिधाडांमुळे बदनाम झाले. हे औषध दिलेली गुरे मेली, त्यांचे मांस गिधाडांनी खाल्ले, गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि भारतीय उपखंडातली गिधाडे काही वर्षांत शेकडा पंचाण्णवहून अधिक घटली. कारण 2004 मध्ये उघड झाले आणि 2006 मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. गिधाडांचा मृत्यू नदीतून आला नव्हता, हे खरे. पण त्याच सुमाराला युरोपातल्या शास्त्रज्ञांना ट्राउट माशांच्या मूत्रपिंडांत आणि कल्ल्यांत याच औषधाने बिघाड झालेला दिसत होता, आणि तोही पाण्यातल्या अगदी क्षुल्लक प्रमाणाने.

मग प्रक्रिया केंद्र काय करते? ते ज्या कामासाठी बांधले ते चोख करते. आज जगभर सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत 1914 मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी मांडली. जाळीने चिंध्या-प्लास्टिक अडवायचे, रेती खाली बसू द्यायची, मग टाकीत ब्लोअरने हवा सोडून जिवाणूंची फौज पोसायची. जिवाणू पाण्यातली घाण खातात, स्वतः वाढतात, त्यांचा गाळ खाली बसतो आणि वरचे निवळलेले पाणी बाहेर जाते. पटकी आणि विषमज्वराच्या काळात, नद्या कुजून काळ्या पडत असताना, हेच हवे होते. पण जिवाणू खातात ते त्यांच्या परिचयाचे. साखर, प्रथिने, चरबी, युरिया यांच्याशी त्यांची कोट्यवधी वर्षांची ओळख आहे. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनही ते बऱ्यापैकी फस्त करतात. फेफऱ्यावरचे कार्बामाझेपिन मात्र त्यांच्या हाती लागतच नाही. जितके आत येते जवळजवळ तितकेच बाहेर जाते. औषध शरीरात लगेच मोडून पडू नये अशीच त्याची रचना केलेली असते, तेव्हा ते गटारातही टिकले तर नवल नाही.

बाहेर जाणाऱ्या पाण्यात औषधांचे प्रमाण लिटरला मायक्रोग्रॅमच्या, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या, घरातले असते. इतक्याने कुणाचे काय बिघडते, हा प्रश्न रास्त होता. त्याचे एक उत्तर 1990 च्या दशकात इंग्लंडच्या नद्यांत मिळाले: प्रक्रिया केंद्रांच्या खालच्या बाजूला रोच जातीच्या नर माशांच्या वृषणांत अंडी सापडू लागली. दुसरे उत्तर कॅनडातून आले आणि ते अधिक निर्णायक होते, कारण तिथे मुद्दाम प्रयोग केला गेला. संशोधनासाठी राखून ठेवलेल्या तळ्यांपैकी 260 क्रमांकाच्या तळ्यात कॅरेन किड आणि सहकाऱ्यांनी 2001 ते 2003 अशी तीन वर्षे गर्भनिरोधक गोळ्यांतले कृत्रिम इस्ट्रोजेन सोडले. प्रमाण लिटरला पाच ते सहा नॅनोग्रॅम, म्हणजे मायक्रोग्रॅमच्याही हजाराव्या भागात मोजावे असे. फॅटहेड मिनो नावाच्या छोट्या माशाचे नर मादीसारखे झाले आणि त्या तळ्यातली त्याची वस्ती संपल्यात जमा झाली. त्यानंतर ‘इतक्याने काय होते’ हा प्रश्न विचारणे अवघड झाले.

या दुखण्यावर देशपातळीवर, कायदा करून, उपाय करणारा पहिला देश स्वित्झर्लंड. तिथले हत्यार मात्र जुनेच होते, आणि सापडलेही तिथेच. बाझल शहरात 1839 मध्ये क्रिस्टियान शोनबाइन हा रसायनशास्त्रज्ञ विजेने पाण्याचे विघटन करत असताना त्याला वीज कोसळल्यावर येतो तसा उग्र वास आला. हा वेगळाच पदार्थ आहे हे त्याने ओळखले आणि त्याला ओझोन हे नाव दिले. त्याच्या रेणूत ऑक्सिजनचे तीन अणू असतात हे सोरे या शास्त्रज्ञाने 1865 मध्ये दाखवले. त्याआधीच, 1857 मध्ये, जर्मनीत वेर्नर फोन सीमेन्सने ओझोन तयार करायचे यंत्र बनवले होते: दोन विद्युत्-अग्रांमध्ये काच आणि थोडी फट ठेवायची, फटीतून हवा सोडायची आणि उच्च दाबाची वीज जोडायची. आजच्या यंत्रांचे तत्त्व तेच आहे. फ्रान्समधल्या नीस शहराने 1906 पासून पिण्याच्या पाण्यासाठी ओझोन वापरला, आणि झुरिक शहर तळ्याच्या पाण्यासाठी तो अनेक दशके वापरत आहे. मैलापाण्याच्या वाट्याला ओझोन बराच उशिरा आला. अमेरिकेत 1970 आणि 80 च्या दशकांत अनेक शहरांनी क्लोरीनऐवजी जंतू मारायला तो वापरून पाहिला. यंत्रे नाजूक होती, खर्च चढा होता, आणि पुढे बहुतेकांनी ती बंद केली. जंतूंसाठी क्लोरीन किंवा अतिनील दिवे स्वस्तात काम करतात, तिथे ओझोनवाचून फारसे अडत नव्हते.

झुरिकजवळच्या ड्यूबेनडॉर्फमध्ये नॉयगुट नावाचे प्रक्रिया केंद्र आहे. ग्लाट या लहानशा नदीत त्याचे पाणी जाते. नदी लहान आणि वस्ती दाट, म्हणजे पाणी पातळ व्हायला वावच नाही. याच गावात एआवाग ही स्विस पाणी-संशोधन संस्थाही आहे, आणि ओझोनच्या रसायनाचा आधुनिक पाया तिथेच घातला गेला आहे. जवळच्या रेगेन्सडॉर्फमध्ये आधी चाचणी झाली आणि 2014 मध्ये नॉयगुट हे ओझोन कायमस्वरूपी वापरणारे स्वित्झर्लंडचे पहिले केंद्र ठरले.

तिथला ओझोनचा टप्पा पाहायला गेले तर डोळ्यांना फारसे काही दिसत नाही. बाहेर द्रवरूप ऑक्सिजनची उभी टाकी असते. ओझोन साठवता येत नाही, तो टिकत नाही, म्हणून लागेल तसा तिथेच तयार करावा लागतो. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या ऑक्सिजनमध्ये वजनाने साधारण दहा टक्के ओझोन असतो. यंत्राला दिलेल्या विजेचा बहुतांश भाग उष्णता होऊन जातो, म्हणून ते सतत पाण्याने थंड ठेवावे लागते. निवळण टाकीतून आलेले, दिसायला स्वच्छ पाणी एका खोल, वरून पूर्ण झाकलेल्या काँक्रीटच्या टाकीत येते. तळाच्या चकत्यांतून ओझोनचे बारीक बुडबुडे वर येतात आणि वर पोचेपर्यंत बहुतेक ओझोन पाण्यात विरघळून खर्च होतो. उरलासुरला वायू गोळा करून नष्ट केला जातो, कारण हवेतला ओझोन फुप्फुसांना घातक असतो. सुदैवाने नाक त्याला फार लवकर ओळखते, धोक्याच्या पातळीच्या बरेच आधी. टाकीत पाणी थांबते ते काही मिनिटे, फार तर अर्धा तास.

टाकीत नेमके काय घडते याचा उलगडा एआवागमध्ये युर्ग होइग्ने आणि सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकापासून केला. ओझोन दोन वाटांनी काम करतो. पहिली वाट थेट आहे, आणि तिथे तो निवडखोर असतो: रेणूत जिथे इलेक्ट्रॉनांची रेलचेल असेल तिथेच तो तुटून पडतो. दुहेरी बंध, फिनॉलसारखी कडी, काही प्रकारचे नायट्रोजन, गंधक ही त्याची लक्ष्ये. दुसरी वाट आडवळणाची. पाण्यात मोडताना ओझोनपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे अतिशय उतावीळ कण तयार होतात आणि ते समोर येईल त्याच्यावर धडकतात. त्यांना निवड ठाऊक नाही, पण म्हणूनच त्यांचा बराचसा जोर पाण्यातल्या इतर सेंद्रिय पदार्थांवर वाया जातो.

या निवडखोरपणात मला या साऱ्या तंत्राची खरी गंमत वाटते. कार्बामाझेपिनच्या मधल्या कड्यात एक दुहेरी बंध असतो. जिवाणूंना दाद न देणारा हा रेणू ओझोनपुढे काही क्षणांत उघडा पडतो. डायक्लोफेनॅक त्याहून लवकर मोडते. कॅनडातल्या तळ्यातले मासे बिघडवणाऱ्या इस्ट्रोजेनमध्ये फिनॉलचे कडे असते, आणि हार्मोन म्हणून काम करायला त्याला नेमके तेच लागते. ओझोन ते कडे फोडतो आणि त्याचा हार्मोनपणा जातो. उलट आयबुप्रोफेनवर ओझोनचे थेट काहीच चालत नाही. पण ते आधीच जिवाणूंनी खाल्लेले असते! एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या वेळी रुग्णाला टोचतात ती आयोडीनयुक्त द्रव्ये मात्र दोघांनाही पुरून उरतात. मोठी हॉस्पिटले असलेल्या शहरांत हे पदार्थ नदीत हमखास सापडतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ओझोनने औषध पाण्यातून निघून जात नाही, ते तुटते. रेणूचे तुकडे पाण्यातच राहतात. मूळ औषधाचा परिणाम बहुधा नाहीसा होतो, पण तुकडे काय करतील याची आधीच हमी देता येत नाही. म्हणून ओझोनच्या टाकीनंतर पाणी वाळूच्या गाळणीतून सोडतात. ही गाळणी जिवंत असते. तिच्या कणांवर जिवाणू वाढलेले असतात, आणि ज्या रेणूला ते आधी हात लावत नव्हते त्याचे तुकडे आता ते खाऊ शकतात. ओझोनला मागे जिवाणू लागतात तसे पुढेही लागतात, हे लक्षात ठेवावे.

दुसरी अडचण ब्रोमाइडची. कचरा जाळणारे प्रकल्प, कचरा डेपोतून झिरपणारे पाणी, काही रासायनिक कारखाने यांच्या पाण्यात ब्रोमाइड असते. ओझोनमुळे त्याचे ब्रोमेट होते. ब्रोमेटमुळे कर्करोग होण्याची शक्यता मानली जाते, आणि पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. म्हणून स्वित्झर्लंडमध्ये ओझोनची यंत्रणा उभारण्याआधी त्या गावच्या मैलापाण्याची तपासणी करतात, आणि ब्रोमाइड जास्त निघाले तर ओझोनचा नाद सोडून सक्रिय कोळसा वापरतात. कोळसा औषधे तोडत नाही, शोषून घेतो. मग त्याची विल्हेवाट लावावी लागते. दोन्ही उपायांचे हिशेब साधारण सारखेच पडतात, आणि कोणत्या गावाने काय घ्यावे हे त्या गावचे पाणी ठरवते.

सुधारित स्विस कायदा 1 जानेवारी 2016 पासून लागू झाला. देशातल्या सातशेहून अधिक केंद्रांपैकी शंभराहून अधिक, म्हणजे मोठ्या शहरांची, तळ्यांच्या काठची आणि मैलापाण्याचा वाटा जास्त असलेल्या लहान नद्यांवरची, 2040 पर्यंत सुधारायची आहेत. झुरिक शहराचे वेर्डहोल्त्स्ली हे देशातले सर्वांत मोठे केंद्र 2018 मध्ये ओझोनवर आले. पाण्यात हजारो पदार्थ असताना काम झाले की नाही हे मोजायचे कसे? यासाठी बारा पदार्थांची यादी ठरवली आहे. डायक्लोफेनॅक, कार्बामाझेपिन, रक्तदाबावरचे मेटोप्रोलॉल, क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक, भांडी धुण्याच्या यंत्रात चांदी काळी पडू नये म्हणून वापरले जाणारे बेन्झोट्रायाझोल अशी ही नावे. केंद्रात येणारे पाणी आणि बाहेर जाणारे पाणी यांत या पदार्थांची सरासरी 80 टक्के घट दिसली पाहिजे. शंभर टक्क्यांचा आग्रह कुणी धरलेला नाही, आणि तो शहाणपणा आहे. शेवटचे वीस टक्के काढायला ओझोन खूप वाढवावा लागतो आणि ब्रोमेटही त्याबरोबर वाढते.

ओझोन किती सोडायचा हे पाण्यातल्या विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनवर ठरते: एक ग्रॅम कार्बनमागे साधारण अर्धा ग्रॅम. चांगल्या चालणाऱ्या स्विस केंद्रात लिटरला पाच मिलिग्रॅम कार्बन उरतो, म्हणून अडीच मिलिग्रॅम ओझोन पुरतो. एका एमएलडीला, म्हणजे रोजच्या दहा लाख लिटरला, हे अडीच किलो होतात. किलोमागे यंत्राला दहा युनिटच्या आसपास वीज लागते, म्हणजे पंचवीस युनिट. ऑक्सिजन बनवायची वीज वेगळी धरली तरी तेवढ्याच पाण्याला हवा देणाऱ्या ब्लोअरांची वीज याच्या कितीतरी पट असते. ओझोन महाग म्हणतात तो बांधकामासाठी, यंत्रासाठी आणि सांभाळणाऱ्या प्रशिक्षित माणसांसाठी.

आपल्याकडे हिशेब बिघडतो तो उरलेल्या कार्बनपाशी. जिवाणूंचे काम अर्धवट झालेल्या पाण्यात लिटरला वीस मिलिग्रॅम कार्बन उरला, तर दहा मिलिग्रॅम ओझोन लागेल. त्यात नायट्राइट असले तर आणखी. अमोनियाचे नायट्रेट होण्याचे काम मध्येच थांबले की नायट्राइट साचते, आणि ते ओझोनवर तुटून पडते: एक मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजन जवळजवळ साडेतीन मिलिग्रॅम ओझोन खाऊन टाकते. वऱ्हाडी पोचण्याआधीच गावजेवणात पंगत संपावी तसे होते. औषधांच्या वाटेला काही उरतच नाही. म्हणजे आधीची प्रक्रिया ढिसाळ असेल तर पाचपट ओझोन ओतूनही डायक्लोफेनॅक नदीत जाणारच.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या आकड्यांनुसार भारतातल्या शहरांत 72,368 एमएलडी मैलापाणी तयार होते. प्रक्रियेची उभारलेली क्षमता 31,841 एमएलडीची, आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती 20,235 एमएलडीवर. चार बादल्यांपैकी साधारण एकीवर, म्हणा. या स्थितीत महापालिकेच्या केंद्रात ओझोन बसवा असा आग्रह धरणाऱ्याला आधी ब्लोअर चालू आहेत का हे विचारावे. नागपूर महापालिकेचे प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. मैलापाण्याचा पुनर्वापर करायचा तर हा उपयोग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, आणि थंडाव्यासाठी वापरायच्या त्या पाण्यातून डायक्लोफेनॅक काढायचे काही कारण नाही.

मोठ्या गृहसंकुलांच्या एसटीपीत, म्हणजे मैलापाण्याच्या स्वतःच्या प्रक्रिया केंद्रात, हल्ली ओझोनचे छोटे यंत्र दिसते. पाणी बागेला आणि फ्लशला वापरायचे असते, रहिवासी वासाची आणि पिवळ्या रंगाची तक्रार करतात, आणि ओझोन दोन्ही झटपट घालवतो. रंगाचे रेणू दुहेरी बंधांचेच असतात, त्यामुळे ते आधी तुटतात. पण पाणी पारदर्शक झाले याचा अर्थ ते निर्जंतुक झाले असा नाही, आणि टाकीतले जिवाणू नीट काम करत आहेत की नाहीत हेही त्यावरून कळत नाही. विक्रेते हा फरक सहसा सांगत नाहीत. याउलट नामिबियातल्या विंटहूकमध्ये मैलापाणी शुद्ध करून 1968 पासून पिण्याच्या पाण्यात मिसळतात, आणि 2002 च्या नव्या केंद्रात ओझोन आहेच. पण तो एकटा नाही; त्याच्या पुढेमागे गाळण्या, सक्रिय कोळसा, पडदे आणि क्लोरीन अशी रांग आहे. कोरड्या देशात दुसरे पाणीच नाही, म्हणून इतका खटाटोप परवडतो.

खर्चाचा प्रश्न स्वित्झर्लंडने साध्या रीतीने सोडवला. मैलापाणी सोडणाऱ्या प्रत्येक माणसामागे वर्षाला नऊ फ्रँक, आपल्या हिशेबाने हजार रुपयांच्या आसपास, केंद्रांकडून वसूल होतात, आणि त्या निधीतून नव्या बांधकामाचा 75 टक्के खर्च दिला जातो. ज्या केंद्राने सुधारणा पूर्ण केली त्याची या वर्गणीतून सुटका होते, त्यामुळे लवकर काम संपवण्यात फायदा आहे. युरोपीय संघाने वेगळा रस्ता धरला. दीड लाख माणसांइतका किंवा त्याहून जास्त भार असलेल्या केंद्रांनी 2045 पर्यंत औषधे काढण्याचा हा चौथा टप्पा उभारावा आणि त्याचा किमान 80 टक्के खर्च औषधे व सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या कंपन्यांनी द्यावा, असा नियम 2024 मध्ये झाला. औषध कंपन्यांनी 2025 मध्ये त्याला युरोपीय न्यायालयात आव्हान दिले. फक्त दोनच उद्योग का, इतरांचे रसायन पाण्यात नसते का, हा त्यांचा मुद्दा. सर्वांत जोरदार तक्रार स्वस्त जेनेरिक औषधे बनवणाऱ्यांची आहे, कारण त्यांची मात्रा मोठी आणि नफा थोडा. मधुमेहाचे मेटफॉर्मिन हे त्यांचे नेहमीचे उदाहरण. युरोपात औषध आयात करणाऱ्यांनाही हा नियम लागू होतो, त्यामुळे भारतातून तिकडे जाणाऱ्या गोळीच्या किमतीतही युरोपातल्या एखाद्या गावाच्या ओझोनचा वाटा धरावा लागेल.